हात घेतले, कसब दिले नाही

‘मुलगा कंपनीत लागला’ हे वाक्य आपल्या धर्मग्रामांत हल्ली मोठ्या समाधानाने उच्चारले जाते. रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या आवारात पेढ्यांचा पुडा उघडतो, शेजारीपाजारी आईवडिलांचे अभिनंदन करतात, कृतज्ञतेची मिस्सा सांगितली जाते. मुलगा कोणत्या नात्याने लागला, किती काळासाठी लागला आणि तेथे तो काय शिकणार, हे मात्र कुणी विचारीत नाही. कंपनीचे नाव मोठे असले की पुढचे सारे प्रश्न आपोआप गळून पडतात. वास्तविक अशा मुलांपैकी पुष्कळ जण ‘लागलेले’ नसतातच. ते शिकाऊ उमेदवार असतात आणि शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ च्या अठराव्या कलमाने स्वच्छ सांगून ठेवले आहे की, शिकाऊ हा प्रशिक्षणार्थी होय, कामगार नव्हे. कामगारविषयक कायदे त्याला लागू नाहीत. मुदत संपली की त्याला कामावर घेण्याचे बंधनही मालकावर नाही.

या तरतुदीत मुळात काही वावगे नाही, हे मी आरंभीच मान्य करतो. जो शिकतो आहे, त्याने पूर्ण वेतनाचा हट्ट धरू नये आणि जो शिकवितो आहे, त्याच्यावर आजन्म पोसण्याचे ओझे लादू नये. परंतु या व्यवहाराचा सारा न्याय एकाच खुंटीवर टांगलेला आहे. मालक कमी देतो, कारण तो शिकवितो. ती खुंटी उपटली, शिकविणे बंद पडले आणि मुलाचे हात तेवढे कामाला लागले, तर मागे जे उरते त्याला उमेदवारी म्हणता येत नाही. ती कायद्याच्या आडोशाने घेतलेली वेठ होय. आपल्या मोठ्या कारखान्यांतून आज ती सर्रास घेतली जात आहे आणि आपण पेढे वाटीत आहोत, हे माझे म्हणणे आहे.

पुण्याच्या किंवा नाशिकच्या घरात बसून हा प्रश्न नीट दिसत नाही. तेथे मुलामागे बापाची नोकरी असते, राहायला घर असते, आणि उमेदवारीचे वर्ष वाया गेले तरी दुसरे काही पाहता येते. म्हणून वाचकांनी क्षणभर माझ्याबरोबर मणिबेलीला यावे. जेथे मुलाच्या मागे आता काहीही उरलेले नाही, तेथून पाहिले म्हणजे या व्यवहाराचा खरा चेहरा दिसू लागतो.

मणिबेली हे नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातले, नर्मदेच्या दक्षिण तीरावरचे गाव. सरदार सरोवराच्या भिंतीपासून वर निघाले की लागणारे महाराष्ट्रातले हे पहिले गाव, आणि म्हणून महाराष्ट्रातल्या ३३ बाधित गावांत पाण्याने पहिला घास घेतला तो याचा. तेथले शूलपाणेश्वराचे प्राचीन मंदिर पाण्याखाली गेले. १९९१ पासून पावसाळ्यात गावकरी व नर्मदा बचाव आंदोलनाचे कार्यकर्ते याच काठावर सत्याग्रहाला बसले. १९९३ मध्ये जागतिक बँकेने या प्रकल्पातून अंग काढून घेतले. पुढच्याच वर्षी, १९९४ मध्ये, मोठ्या धरणांना बँकेने पैसा पुरवू नये असे मागणारे जे जाहीरनामापत्र जगभरच्या संघटनांनी काढले, त्याला त्यांनी या लहानशा गावाचेच नाव दिले. अशा रीतीने मणिबेलीचे नाव जगभर पोचले. गाव मात्र बुडाले. काही कुटुंबे गुजरातेत परवेटा येथे वसविली गेली, तर काही डोंगर न सोडता वर सरकत राहिली.

बायबल वाचणाऱ्याला येथे नाबोथाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. अहाब राजाने नाबोथाला त्याच्या द्राक्षमळ्याच्या मोबदल्यात अधिक चांगला मळा देऊ केला होता. नको असेल तर रोख किंमत देऊ केली होती. आजच्या भाषेत बोलायचे तर राजाचे पुनर्वसन धोरण वाईट नव्हते. नाबोथाने नकार दिला, कारण ती भूमी त्याच्या पूर्वजांचे वतन होती आणि वतन विकण्याचा अधिकार आपल्याला नाही असे तो मानीत होता. पुढे काय झाले, ते सर्वांना ठाऊक आहे. मणिबेलीच्या आदिवासींना निदान कागदावर पुष्कळ मिळाले होते. नर्मदा पाणीतंटा लवादाने १९७९ च्या निवाड्यात जमिनीच्या बदल्यात जमीन द्यावी, ती किमान दोन हेक्टर असावी आणि घरातला सज्ञान मुलगा हे स्वतंत्र कुटुंब मानावे, असे म्हटले होते. परंतु या डोंगरी पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या कितीतरी जमिनींना सरकारी दप्तरात कसणाऱ्याचे नावच नव्हते. ज्याचे नाव नाही, त्याचे काही बुडत नाही, असा हा हिशेब होता. कसणारा अतिक्रमक ठरला. धरण २०१७ मध्ये राष्ट्रार्पण झाले, २०१९ मध्ये १३८.६८ मीटरपर्यंत काठोकाठ भरले आणि जमिनीचे तंटे त्यानंतरही मिटले नाहीत.

आता या गावच्या तरुणाला सांगितले जाते, ‘जमिनीचे काय घेऊन बसलास? आयटीआय कर, फिटर हो, मोठ्या कंपनीत जा.’ अक्कलकुवा, धडगाव, तळोदा येथे औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. आदिवासी मुलांना तेथे प्रवेश मिळतो. शिकाऊ उमेदवार अधिनियमाच्या तिसऱ्या कलमाला जोडलेल्या ‘३-अ’ने अनुसूचित जमातींसाठी जागा राखून ठेवल्या आहेत. सल्ला वरवर शहाणपणाचा वाटतो आणि देणाऱ्याचा हेतूही पुष्कळदा चांगला असतो. परंतु या सल्ल्यात एक अदलाबदल गुपचूप केलेली असते. जमिनीच्या बदल्यात जमीन हे जे न्यायाचे देणे होते, त्याच्या जागी प्रशिक्षण नावाचे दान ठेवले जाते. आणि ते दानही हाती पडते की नाही, हे पाहायला कुणी मागे थांबत नाही.

१९६१ या एका वर्षाकडे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. त्या वर्षी ५ एप्रिलला पंडित नेहरूंनी नर्मदेवरच्या धरणाची कोनशिला बसविली. १५ मे रोजी पोप जॉन तेविसावे यांनी ‘माटेर एत माजिस्त्रा’ हे परिपत्रक काढून सांगितले की, देशाची संपत्ती वाढत असताना ती न्यायाने वाटली जाते की नाही, हे पाहणे हेही ख्रिस्तसभेचे काम आहे. आणि डिसेंबरमध्ये आपल्या संसदेने शिकाऊ उमेदवार अधिनियम मंजूर केला. त्या काळच्या मनात चित्र सुरेख होते. नदीपासून वीज होईल, विजेवर कारखाने चालतील, कारखान्यांत खेड्यातली मुले कसब शिकतील आणि ज्याचे गेले त्याच्या घरी दुसऱ्या दाराने परत येईल. आज सरदार सरोवराच्या विजेपैकी २७ टक्के वाटा महाराष्ट्राचा आहे. म्हणजे वीज झाली, कारखानेही झाले. शेवटच्या दारातून घरी काय आले, एवढाच हिशेब राहिला आहे.

तो हिशेब करण्यापूर्वी त्या घरातला जुना व्यवहार ठाऊक असावा. नंदुरबारच्या डोंगराळ भागातून दिवाळीच्या सुमारास माणसे ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत जातात. मुकादम त्यांना उचल देतो आणि नवराबायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणून मोजतो. माणसाला त्याच्या हातातल्या अवजाराच्या नावाने मोजणारा हा शब्द क्रूर आहे, पण प्रामाणिक आहे. मुकादम कधी म्हणत नाही की, मी तुला ऊस तोडायला शिकवितो, म्हणून मजुरी कमी घे. कोयत्याचा मुलगा दहावी होतो, दोन वर्षे संस्थेत जातो, फिटरचे प्रमाणपत्र मिळवितो आणि कंपनीच्या दारातून आत शिरतो. तेथे त्याला ‘मनुष्यबळ’ म्हणतात. शब्द सुधारला. व्यवहार सुधारला का?

आमच्या धर्मग्रामातले, तसेच बाहेरचे, असे कितीतरी तरुण बोलायला येतात. त्यांच्या कंपन्या वेगळ्या, गावे वेगळी, जाती-जमाती वेगळ्या. सांगणे मात्र एकाच साच्यातले असते. मी येथे कोणत्याही कंपनीचे नाव घेत नाही, कारण प्रश्न एखाद्या मालकाच्या दुष्टपणाचा नसून सर्वांनी मिळून अंगवळणी पाडलेल्या रीतीचा आहे. पहिले काही दिवस सुरक्षिततेचे वर्ग होतात, गणवेश आणि बूट मिळतात, कंपनीचा इतिहास पडद्यावर दाखविला जातो. त्यानंतर मुलगा जुळणीच्या लाइनवर उभा राहतो. फिटरच्या अभ्यासक्रमात त्याने कानस चालवून पृष्ठभाग सपाट करणे, गुण्या लावून काटकोन तपासणे, व्हर्नियरने माप घेणे, आखणी करून भोक पाडणे, पेच कापणे, यंत्र खोलून पुन्हा जुळविणे हे सारे थोडेथोडे शिकलेले असते. उमेदवारीत ते पक्के व्हावे, एका विभागातून दुसऱ्या विभागात जाऊन निरनिराळी यंत्रे त्याच्या हाताखालून जावीत, अशी कल्पना आहे. लाइनवर मात्र त्याच्या वाट्याला चार बोल्ट येतात. पुढ्यात आलेल्या भागाला हवेच्या दाबावरच्या बंदुकीने ते चार बोल्ट आवळायचे. मिनिटाला एक नग धरला तर सात तासांच्या निव्वळ कामात ४२० नग, म्हणजे १,६८० बोल्ट होतात. उद्या तेच आणि वर्षअखेरीसही तेच. हे काम शिकायला एक दिवस पुरतो. राहिलेल्या दिवसांत तो काय शिकतो, याचे उत्तर कुणी द्यावे?

उत्तर नोंदवहीत लिहिलेले असते. शिकाऊ उमेदवाराने रोज काय शिकले याची नोंद ठेवायची आणि वरिष्ठाने ती तपासून सही करायची, अशी रीत आहे. परीक्षा जवळ आली की महिन्यामहिन्यांची पाने एका बैठकीत भरली जातात आणि एका बैठकीत सह्या होतात. ज्या यंत्राला मुलाने कधी हात लावला नाही, त्याच्या दुरुस्तीचे वर्णन तो जुन्या वहीवरून सुवाच्य अक्षरात उतरवून काढतो. कसब तर त्याला मिळाले नाहीच. खोटे लिहिण्याचा धडा तेवढा मिळाला आणि तोही कंपनीच्या शिक्क्यानिशी. नीतिशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने मला या गोष्टीची सर्वांत जास्त चीड येते.

पैशांकडे पाहू. २०१९ च्या सुधारित नियमांनी विद्यावेतनाची किमान रक्कम पात्रतेनुसार दरमहा पाच ते नऊ हजारांच्या दरम्यान बांधून दिली. आयटीआयचे प्रमाणपत्र असलेल्यासाठी ती सात हजार होती. २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेखाली विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, कमाल १,५०० रुपयांपर्यंत, सरकार उचलते. किमान रकमेवर मुलगा ठेवणाऱ्या मालकाच्या खिशातून त्यामुळे साडेपाच हजार गेले. सव्वीस दिवसांनी भागले तर दिवसाला सुमारे २१२ रुपये पडतात. २०२५ मध्ये मध्यवर्ती शिकाऊ परिषदेने ही पट्टी ६,८०० ते १२,३०० रुपयांवर नेण्याची शिफारस केली, हे योग्यच झाले. काही कंपन्या किमान रकमेपेक्षा अधिक देतात, हेही खरे. पण मणिबेलीच्या मुलाने त्या पैशांत चाकण किंवा सातपूरसारख्या ठिकाणी खोलीचे भाडे द्यायचे, जेवायचे आणि वर्षातून दोनदा घरी जायचे असते. म्हणून तो काय करतो? एका खोलीत सहा-सात जण राहतात. पाळीने काम आणि पाळीने झोप. आजारी पडला तर काम बुडवीत नाही, कारण गैरहजेरीचे पैसे कापले जातील या भीतीने तो आधीच अर्धमेला झालेला असतो.

कायदा याबाबतीत अगदीच मुका नाही, हे आपल्या लोकांना माहीत नसते म्हणून सांगतो. तेराव्या कलमाप्रमाणे शिकाऊला नगावर पैसे देता येत नाहीत आणि उत्पादनाच्या बोनस योजनेत त्याला ओढता येत नाही. पंधराव्या कलमाप्रमाणे शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या मंजुरीवाचून त्याच्याकडून जादा वेळ काम करवून घेता येत नाही, आणि प्रशिक्षणाच्या किंवा लोकहिताच्या कारणाखेरीज ती मंजुरी देता येत नाही. आरोग्य व सुरक्षिततेच्या तरतुदींचे संरक्षण त्याला आहे. अपघात झाला तर भरपाई आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये उत्तर प्रदेश राज्य परिवहन महामंडळाच्या प्रकरणात असेही सांगितले की, इतर गोष्टी सारख्या असतील तर नोकरभरतीत प्रशिक्षित शिकाऊंना प्राधान्य द्यावे. या सर्व तरतुदींमागे एकच सूत्र दिसते. शिकाऊकडे उत्पादनाचे साधन म्हणून पाहू नका, असे ते सूत्र आहे. परंतु २०१४ च्या दुरुस्तीने मालकाला होऊ शकणारी कैदेची शिक्षा काढून टाकली आणि दंड तेवढा ठेवला. पुढे शिकाऊंची संख्या एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के इतकी ठेवण्यास वाव दिला. अधिक मुलांना संधी मिळावी हा त्यामागचा हेतू सांगितला जातो, आणि तो खोटा आहे असे मी म्हणत नाही. पण दार रुंद करताना पहारेकरी कमी केला, तर आत कोण शिरले आणि बाहेर काय गेले हे कसे कळायचे?

ख्रिस्ती माणसाने या प्रश्नाकडे कोणत्या नजरेने पाहावे? निर्गम ग्रंथात निवासमंडपाच्या उभारणीची हकिकत आहे. परमेश्वराने बसालेलाला सोन्यारुप्याचे, दगडाचे आणि लाकडाचे कसब दिले. पण हकिकत तेथे थांबत नाही. बसालेलाच्या व अहलियाबाच्या अंतःकरणात त्याने दुसऱ्यांना शिकविण्याची बुद्धीही घातली, असे शास्त्र सांगते. शिकविणे हे कसबाचाच भाग आहे, वरून केलेली मेहरबानी नाही, हा त्यातला बोध आहे. ज्याला येते आणि जो शिकवीत नाही, त्याने देवाचे अर्धे दान दडवून ठेवले. नाझरेथमध्ये प्रभू येशूला लोक सुताराचा मुलगा म्हणून आणि सुतार म्हणूनही ओळखीत. त्या दोन ओळखींच्या मधली वर्षे उमेदवारीची होती. कुणीतरी त्याच्या हातात रंधा दिला, लाकडाचा रेषा ओळखायला शिकविले, चुकलेला सांधा पुन्हा करायला लावला. देवाच्या पुत्राने मानवी श्रम संत योसेफाकडून शिकून घेतले. पोप पायस बारावे यांनी १९५५ मध्ये १ मे हा दिवस श्रमिक संत योसेफाचा सण म्हणून दिला, तो श्रमिकाच्या गौरवासाठी. पण तो दिवस श्रम शिकविणाऱ्याचाही आहे, हे आपण विसरतो.

संत जॉन बॉस्को हे विसरले नाहीत. तुरीनमधली कारखानदारी वाढत होती, खेड्यातली पोरे शहरात लोटत होती आणि मालक त्यांना वाटेल तसे राबवीत होते. डॉन बॉस्कोंनी त्यांच्यासाठी नुसती प्रार्थना केली नाही. मालकांशी लेखी करार केले. ८ फेब्रुवारी १८५२ चा असा एक करार आजही उपलब्ध आहे. जुझेप्पे बेर्तोलिनो हा सुतार आणि जुझेप्पे ओदास्सो हा शिकाऊ यांच्यात तो झाला. मुलाचे वडील हमीदार होते आणि डॉन बॉस्को मध्यस्थ. मालकाने ठरल्या मुदतीत मुलाला धंदा शिकवायचा. चुकला तर शब्दांनी समजवायचे, मारहाण करायची नाही. धंद्याबाहेरच्या कामाला जुंपायचे नाही. रविवार आणि सण मोकळे ठेवायचे. या करारातली दुसरी अट मला सर्वांत दूरदर्शी वाटते. मारहाण आज बहुतेक ठिकाणी होत नाही, अपमान होतो. आणि तिसऱ्या अटीचे काय? चार बोल्ट आवळणे हा फिटरचा धंदा आहे का? पावणेदोनशे वर्षांपूर्वी एका धर्मगुरूने एका सुताराकडून जे लिहून घेतले, ते आज आपण एका मोठ्या उद्योगाकडून मागायला कचरतो.

यावर जे आक्षेप घेतले जातात, ते मला ठाऊक आहेत. पहिला आक्षेप असा की, काहीच नसण्यापेक्षा हे बरे. मुलगा निदान घराबाहेर पडतो, चार पैसे पाहतो. लाबानानेही याकोबाला आसरा दिला होता आणि तोही काहीच नसण्यापेक्षा बराच होता. सात वर्षे राबवून लाबानाने राहेलऐवजी लेआ दिली आणि पुढे वेतन वारंवार फिरविले. शास्त्र त्याला उपकारकर्ता म्हणत नाही. गरजू माणसाच्या गरजेवर केलेला सौदा गरजूने मान्य केला, एवढ्याने तो न्याय्य होत नाही. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ मध्ये ‘रेरूम नोवारूम’ या परिपत्रकात नेमका हाच मुद्दा वेतनाच्या संदर्भात मांडला होता. ८ मे २०२५ रोजी निवडून आलेल्या पोप महोदयांनी लिओ हेच नाव धारण केले आणि त्या परिपत्रकाची आठवण स्वतःच करून दिली, हे आपल्या वाचकांच्या स्मरणात असेल.

दुसरा आक्षेप आपल्याच धर्मग्रामांतील निवृत्त मंडळी घेतात. ‘आम्हीही असेच शिकलो, आम्ही नाही का राबलो?’ आदरपूर्वक सांगावेसे वाटते की, आपण असे शिकला नाहीत. आपल्याला उस्ताद होता. तो शिव्या देत असेल, पण जॉब गुण्याला लागेपर्यंत पुन्हा पुन्हा करून घेत होता. टेल्कोने पुण्याजवळ आपला कारखाना १९६० च्या दशकात उभारला, तेव्हा सुमंत मुळगावकरांनी प्रशिक्षण विभाग आधी उभा केला. माणूस तयार झाल्याशिवाय गाडी तयार होत नाही, ही त्यांची दृष्टी होती. तेथून बाहेर पडलेल्या टूलमेकरच्या जोरावर पिंपरी-चिंचवडमध्ये कितीतरी लहान कारखाने निघाले. मोठा उद्योग शिकवू शकतो, शिकवून तोट्यात जात नाही, हे सिद्ध झालेले आहे. आजही काही ठिकाणी असे विभाग निष्ठेने चालतात. माझा वाद त्यांच्याशी नाही. त्यांचे उदाहरण समोर असताना जे शिकवीत नाहीत, त्यांच्याशी आहे.

तिसरा आक्षेप धर्मगुरूवर असतो. त्याने वेदीपाशी राहावे, कारखान्यात डोकावू नये. बेल्जियममधले फादर जोसेफ कार्डाइन सेमिनरीत शिकून घरी आले, तेव्हा कारखान्यांत व खाणींत गेलेल्या बालमित्रांनी त्यांच्याकडे पाठ फिरविली. हा आता आपला राहिला नाही, असे त्यांना वाटले. त्या वेदनेतून तरुण ख्रिस्ती कामगारांची चळवळ उभी राहिली आणि पाहा, पारखा, कृती करा ही तिची शिस्त सर्व ख्रिस्तसभेने पुढे स्वीकारली. ज्या भाकरीवर आम्ही प्रभूचे शब्द उच्चारतो, ती मानवी श्रमाचे फळ आहे असे अर्पणविधीत म्हणतोच ना? मग तो श्रम कोणत्या अटींवर झाला, हे वेदीला विचारता येते.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ मध्ये ‘लाबोरेम एक्सर्चेन्स’ या परिपत्रकात प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष नियोक्ता असा भेद केला आहे. करार करतो तो प्रत्यक्ष नियोक्ता. ज्या धोरणांमुळे आणि संस्थांमुळे त्या कराराचे स्वरूप ठरते, ते अप्रत्यक्ष नियोक्ते. या अर्थाने विद्यावेतनाचा हिस्सा उचलणारे सरकार जबाबदार आहे. आपणही आहोत. आपल्या कुटुंबांत सुपरवायझर आहेत, मनुष्यबळ विभागात अधिकारी आहेत, फोरमन आहेत, लहान वर्कशॉपचे मालक आहेत. नोंदवहीवर जी सही होते, ती पुष्कळदा आपल्यापैकीच कुणाची तरी असते. म्हणून मागणी सरकारकडे करण्याआधी घरात करतो.

ज्यांच्या हाताखाली शिकाऊ मुले आहेत, त्यांनी न शिकविलेल्या कामाखाली सही करू नये. आठवा आज्ञेचा भंग कारखान्याच्या फाटकाच्या आत घडला म्हणून त्याचे पाप कमी होत नाही. लाइन थांबविण्याचा अधिकार तुम्हाला नसेल, पण पाळी संपल्यावर अर्धा तास मुलाला डाय उघडून दाखविण्याचा अधिकार तुमच्याकडून कुणी काढून घेतलेला नाही. पालकांनी पेढे आणण्याआधी करार वाचावा: तो नोंदविला आहे का, व्यवसाय कोणता लिहिला आहे, मुदत किती, कोणत्या विभागात किती महिने. ख्रिस्तसभेच्या तांत्रिक शाळांनी किती मुले ‘लागली’ याचे आकडे वार्षिक अहवालात छापणे आता पुरे करावे. वर्षानंतर त्या मुलांना काय येते, याची चौकशी करावी आणि ते छापावे. आकडा लहान येईल, पण खरा असेल. ज्या कंपनीत मुले शिकत नाहीत असे दिसेल, तेथे पुढच्या वर्षी मुले पाठवू नयेत, मग तिचे नाव कितीही मोठे असो.

सरकारकडे मागणे दोनच. शिकाऊला उत्पादनाच्या लाइनवर ठराविक काळापेक्षा अधिक ठेवले, तर त्या काळाचे कामगाराइतके वेतन त्याला मिळावे; शिकवीत नसाल तर पूर्ण मोल द्या, एवढी साधी ही गोष्ट आहे. आणि अनुसूचित जमातींसाठी राखलेल्या जागा कोणत्या आस्थापनेने किती भरल्या, त्यांपैकी किती जण पुढे कायम झाले, हे दरवर्षी प्रसिद्ध व्हावे.

मणिबेलीविषयी एक गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे. तेथल्या तरुणाला फिटर व्हायचे असेल तर त्याने जरूर व्हावे आणि उत्तम व्हावे. नर्मदेच्या विजेवर फिरणाऱ्या यंत्रांवर त्याचा हक्क कुणापेक्षा कमी नाही. परंतु त्याची उमेदवारी ही त्याच्या बापाच्या जमिनीची पोचपावती मानली जाऊ नये. जमिनीचे देणे जमिनीने फिटते. एकदा नदी घेऊन शब्द दिला आणि तो पुरा केला नाही. आता हात घेऊन कसबाचा शब्द द्यायचा आणि तोही पुरा करायचा नाही, असे एकाच घराच्या दोन पिढ्यांशी करणे हे आकाशाकडे ओरड जाणारे पाप आहे. कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी देवाच्या कानी जाते, असे संत याकोबाने श्रीमंतांना बजावले होते. अडवून ठेवलेले शिक्षणही त्याच मजुरीत मोडते.

येत्या १ मे रोजी आपल्या चर्चमध्ये नेहमीप्रमाणे अवजारांना आशीर्वाद दिला जाईल. पाने, करवती, थापी, शिलाईयंत्रे वेदीपुढे येतील. त्या दिवशी शिकाऊ मुलांनी आणि त्यांच्या आईवडिलांनी आपले करार व नोंदवह्याही घेऊन याव्यात. मिस्सेनंतर आपण त्या मिळून उघडू, आणि ज्यांच्या सह्या त्यांवर आहेत, त्यांनीही तेथे हजर राहावे.